बॅकमन बंधूंचा बँड
१९७० मध्ये रँडी बॅकमन ‘द गेस हू’ सोडून बाहेर पडला, तेव्हा त्या बँडचं ‘अमेरिकन वूमन’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. भरल्या ताटावरून उठणं म्हणतात ते हेच. कॅनडातल्या विनिपेगचा हा गिटारवादक. त्यानं पुढं घरचीच माणसं गोळा केली. धाकट्या भावांपैकी रॉबी ड्रमवर, टिम गिटारवर आणि जोडीला खरखरीत गळ्याचा फ्रेड टर्नर. १९७३ मध्ये त्यांचा ‘बॅकमन-टर्नर ओव्हरड्राइव्ह’ म्हणजेच बीटीओ हा बँड लोकांपुढं आला. आणखी एक भाऊ गॅरी अडखळत बोलायचा. त्याला चिडवायला रँडीनं ‘यू एन्ट सीन नथिंग येट’ मुद्दाम अडखळत गायलं. रेकॉर्डिंग घरात ऐकण्यापुरतं होतं, पण रेकॉर्ड कंपनीनं नेमकं तेच उचललं आणि नोव्हेंबर १९७४ मध्ये ते अमेरिकेत अव्वल ठरलं. मला त्यात थट्टेपेक्षा मायाच जास्त ऐकू येते. परक्याला ते गाणं सुचलंच नसतं. पुढं रँडी १९७७ मध्ये बाहेर पडला, बँडच्या नावावरून भावाभावांत वितुष्ट आलं, याची हळहळ वाटते. रॉबी आणि टिम दोघंही २०२३ मध्ये गेले. त्याच वर्षी रँडी मुलगा टालला सोबत घेऊन पुन्हा बीटीओच्या दौऱ्यावर निघाला.