वर्दी उतरली, उतरंड उरली

सेलू तालुक्यात बोर धरणाच्या वाटेवर हिंगणी हे गाव आहे. अशा गावात लष्करातून निवृत्त होऊन परतलेल्या नाईकाला किंवा हवालदाराला मताधिकाराची वाण नाही. लोकसभेपासून ग्रामपंचायतीपर्यंत तो मतदार असतो. शेती असली आणि सेवा सहकारी सोसायटीचा तो सभासद असला, तर तेथेही त्याचे मत मोजले जाते. सहकारी संस्थांच्या निवडणुकांसाठी महाराष्ट्रात २०१३ पासून स्वतंत्र निवडणूक प्राधिकरण आहे. मतदारयादी प्रसिद्ध होते, तिच्यावर हरकती घेता येतात. अर्ज, छाननी, माघार असे टप्पे ठरलेले असतात. पीककर्जाच्या व्यवहारासाठी एवढा बंदोबस्त आहे आणि तो योग्यच आहे.

परंतु निवृत्तिवेतन, औषधोपचार, मुलांच्या शिष्यवृत्त्या यांविषयी त्याच्या वतीने बोलण्याचा दावा करणाऱ्या माजी सैनिक संघटनेत यातले काय आहे? वार्षिक सभेत व्यासपीठावरून नावे वाचली जातात, हरकत विचारली जाण्यापूर्वीच टाळ्या पडतात आणि दुसऱ्या दिवशी 'कार्यकारिणी बिनविरोध' अशी बातमी छापून येते. सर्वच संघटना अशा चालतात असे कोणी म्हणणार नाही. पण ज्या अशा चालतात, त्यांतील सभासदांनाही त्यात काही खटकत नाही, हा या प्रश्नाचा अधिक चिंताजनक भाग आहे.

न खटकण्याचे कारण सैनिकाच्या पूर्वायुष्यात आहे. घटनेच्या ३३व्या अनुच्छेदाने सैन्यदलांतील व्यक्तींच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेला दिला आणि १९५०च्या लष्कर कायद्याने ती मर्यादा प्रत्यक्षात आणली. सैनिकाला कामगार संघ स्थापता येत नाही, त्यात सामील होता येत नाही, सभेत किंवा वृत्तपत्रात तक्रार मांडता येत नाही. याच वर्धा जिल्ह्यात पुलगावला केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. संरक्षण खात्यातील नागरी कामगाराला संघ करण्याचा हक्क आहे. त्यांच्या अखिल भारतीय महासंघाचे नेतृत्व एस. एम. जोशी यांनी केले आणि जुलै १९६०च्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या संपाच्या आघाडीवरही ते होते. त्याच खात्यातील गणवेशधारी जवान मात्र पंधरा-सतरा वर्षे केवळ हुकूम ऐकतो. पस्तिशी-चाळिशीत तो घरी येतो, तेव्हा माजी सैनिक संघटना ही त्याला कायद्याने लाभलेली स्वतःच्या पेशाची पहिलीच संघटना असते. नाव काहीही असो, ती वस्तुतः त्याचा कामगार संघ आहे. तिच्यात त्याचे मत नसेल, तर मालकापुढे, म्हणजे सरकारपुढे, त्याच्या बाजूने बोलणारे त्याने निवडलेले असे कोणीच उरत नाही.

सरकारी व्यवस्थेत तर निवडणुकीला जागाच नाही. जिल्हा सैनिक मंडळाचा अध्यक्ष जिल्हाधिकारी, सचिव जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी आणि अशासकीय सदस्य नेमलेले. १९४९ पासून दर ७ डिसेंबरला ध्वजदिन पाळला जातो, निधी जमतो, सत्कार होतात. त्या निधीच्या विनियोगावर बोट ठेवण्याचा अधिकार ज्याच्या नावाने तो जमतो त्याच्याकडे नसतो. म्हणूनच संघटनेची निवडणूक ही क्षुल्लक बाब नव्हे.

निवडणुकीच्या विरोधात दोन युक्तिवाद नेहमी ऐकू येतात. माजी सैनिक हे एक कुटुंब आहे, मतदानाने त्यात फूट पडेल, हा पहिला. कुटुंबात वडीलधाऱ्यांचे चालते हे खरे. पण सभासदवर्गणी घेणारे, पावत्या फाडणारे आणि सरकारदरबारी नोंदलेले कुटुंब जगात कोठे आढळत नाही. शिस्तीचा मुद्दाही त्याच माळेतला. सीमेवर हुद्द्यांची उतरंड अपरिहार्य असते, कारण तेथे चर्चेला वेळ नसतो. सेलूच्या सभागृहात वेळच वेळ असतो. तेथे कर्नलसाहेब बोलले की सुभेदाराने गप्प बसायचे, ही शिस्त नसून लष्करी सवयीचा अवशेष आहे.

सामान्य सैनिकाला निवडणूक जमत नाही, हे तर इतिहासाला धरूनही नाही. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत 'तलवार' या नाविक तळावर खलाशांनी संप पुकारला आणि दुसऱ्याच दिवशी आपली मध्यवर्ती संप समिती निवडली. एम. एस. खान अध्यक्ष, मदनसिंग उपाध्यक्ष. हा उठाव हां हां म्हणता किनाऱ्याकिनाऱ्याने पसरला आणि हजारो खलाशी त्यात उतरले. त्यांच्या प्रतिनिधींत एकही बडा अधिकारी नव्हता. पुढे स्वतंत्र भारतानेही या बडतर्फ खलाशांना नौदलात परत घेतले नाही, ही गोष्ट वेगळी आणि लाजिरवाणी.

दुसरा युक्तिवाद अधिक व्यवहारी आहे. निवृत्त अधिकाऱ्याला इंग्रजी येते, त्याला मंत्रालयाची दारे उघडतात. मग तोच अध्यक्ष असण्यात काय बिघडले? तो निवडून आला असेल तर काहीच बिघडले नाही. निवृत्त अधिकाऱ्यांनी निवृत्तिवेतनाच्या लढ्यात केलेले कष्ट नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. जून २०१५ मध्ये दिल्लीत जंतरमंतरवर 'समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन' या मागणीसाठी धरणे सुरू झाले, ५ सप्टेंबरला संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी योजना जाहीर केली, १६ मार्च २०२२ला सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली आणि डिसेंबर २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने तिच्या फेरआकारणीस मान्यता दिली. या सर्व काळात आंदोलनाचा चेहरा प्रामुख्याने अधिकाऱ्यांचा होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये मात्र निवृत्त जवान आणि कनिष्ठ अधिकारी त्याच जंतरमंतरवर वेगळे जमले, कारण फेरआकारणीचे फळ वरच्या हुद्द्यांच्या पदरात पडले, अशी त्यांची तक्रार होती.

या तक्रारीच्या मुळाशी असलेला एक आकडा पुरेसा बोलका आहे. सातव्या वेतन आयोगाने १ जानेवारी २०१६ पासून सैनिकी सेवेच्या खडतरपणाबद्दल दिले जाणारे मासिक वेतन ब्रिगेडियरपर्यंतच्या अधिकाऱ्याला १५,५०० रुपये आणि जवान व सुभेदारवर्गाला ५,२०० रुपये ठरवले. मूळ वेतनात हुद्द्यानुसार अंतर असते, ते समजण्यासारखे आहे. पण थंडी, गोळी आणि घरापासूनचा दुरावा यांची भरपाई तिप्पट फरकाने कशी होते? सियाचिनची हिमरेषा खांद्यावरच्या फिती पाहत नाही. हा प्रश्न अधिकारीवर्गाच्या संघटनांनी लढ्याच्या अग्रभागी ठेवला नाही यात त्यांचा दुष्टपणा शोधण्याचे कारण नाही. ज्याचे दुखते तोच ओरडतो. ज्याचे दुखते त्याला व्यासपीठावर जागा नव्हती, एवढेच.

ब्रिटनचा दाखला येथे उद्बोधक आहे. पहिल्या महायुद्धानंतर तेथे माजी सैनिकांच्या चार संघटना होत्या. एक उघडपणे कामगार चळवळीशी जोडलेली, एक केवळ अधिकाऱ्यांची. मे १९२१ मध्ये त्या एकत्र येऊन ब्रिटिश लीजन उभी राहिली. मानाचे अध्यक्षपद सरसेनापती हेग यांना मिळाले. पण कारभार पाहणाऱ्या कार्याध्यक्षाच्या जागी शिपाईगिरीतून आलेले टी. एफ. लिस्टर बसले. ती संस्था पुढे काही क्रांतिकारक झाली नाही. तरीही राजेशाही मिरवणाऱ्या देशात १९२१ला जे शक्य झाले, ते प्रजासत्ताक भारताच्या तालुक्यात अवघड वाटावे, हे विचार करण्याजोगे आहे.

आता कायद्याकडे वळावे, कारण खरी मेख तेथे आहे. अशा संघटना सामान्यतः १८६०च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि महाराष्ट्रात त्याच्या जोडीला १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेल्या असतात. १८६०चा कायदा वाङ्मयीन, शास्त्रीय आणि धर्मादाय मंडळींसाठी केला गेला, तोही शिपायांचा उठाव मोडून काढल्यानंतर अवघ्या दोन-तीन वर्षांनी! त्याच्या १५व्या कलमानुसार ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक काळ थकली, त्याला मत देता येत नाही आणि तो सभासद म्हणून मोजलाही जात नाही. वरवर निरुपद्रवी दिसणारे हे कलम पदाधिकाऱ्याच्या हातात पडले की त्याचे हत्यार होते. वर्गणी मागायची नाही, कोणी देऊ केली तर 'नंतर पाहू' म्हणायचे आणि सभेच्या दिवशी विरोधकाला थकबाकीदार ठरवायचे. आपल्या माणसांच्या पावत्या आदल्या रात्रीही फाटू शकतात. मतपेटीला हात न लावता निवडणूक जिंकण्याचा याहून सुलभ मार्ग नाही.

बरे, निकालावर देखरेख तरी कोणाची? वार्षिक सभेनंतर चौदा दिवसांत कार्यकारिणीची यादी दाखल करावी, बदल झाल्यास नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवावे, एवढी तरतूद आहे. दोन गट पडले की दोन बदल अर्ज दाखल होतात, सुनावणीच्या तारखा पडतात आणि वाद मिटेपर्यंत नव्या कार्यकारिणीची मुदतच संपत येते. कामगार संघांच्या कायद्यात २००१ साली अशी दुरुस्ती झाली की बाहेरचे पदाधिकारी एकतृतीयांश किंवा पाच, यांपैकी जी संख्या कमी असेल तिच्यापेक्षा अधिक असू नयेत. उरलेले प्रत्यक्ष त्या उद्योगात काम करणारे असावेत. माजी सैनिकांच्या संघटनेत जवानांचे प्रमाण पदाधिकाऱ्यांत किती असावे, याविषयी कायदा मौन पाळतो.

पदाला चिकटून राहण्यामागे प्रतिष्ठेइतकेच अर्थकारणही असते. २००२ साली स्थापन झालेले माजी सैनिक महामंडळ माजी सैनिकांना सुरक्षा रक्षकाची कामे देते. राज्याने २०२० मध्ये माजी सैनिक व सैनिकविधवा यांना घरपट्टीत माफी दिली. तीसाठी जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्याचा दाखला लागतो. कायद्याने या कशालाही संघटनेच्या अध्यक्षाच्या शिफारशीची गरज नाही. पण गावातल्या माणसाला तशी गरज आहे असे वाटत राहिले की काम भागते. ज्याच्यापुढे मुलाच्या कामासाठी उद्या जावे लागेल, त्याच्याविरुद्ध आज अर्ज कोण भरणार?

मग ज्यांचा आवाज सर्वांत क्षीण, त्यांचे काय होते? सैनिकांच्या विधवांना सहयोगी सभासद करून मताधिकाराशिवाय पहिल्या रांगेत बसवायचे, शाल द्यायची आणि छायाचित्र काढायचे, हा प्रकार जेथे असेल तेथे तो घटनादुरुस्तीने बंद झाला पाहिजे. कुटुंबनिवृत्तिवेतनाचा प्रश्न त्यांच्यापेक्षा कोणाला अधिक कळतो?

आणि आता अग्निवीर. जून २०२२ला जाहीर झालेल्या या योजनेत चार वर्षांची नोकरी आहे, निवृत्तिवेतन नाही, आणि जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांनाच पुढे कायम करण्याची तरतूद आहे. उरलेल्यांना माजी सैनिकाचा दर्जा मिळणार नाही, हे लष्कराने भरतीच्या अटींतच सांगितले. पहाटे रस्त्यावर धावून भरतीची तयारी केलेली विदर्भातील मुले पंचविशीच्या आत गावी परततील, तेव्हा संघटनेचे दार त्यांना उघडे असेल का? संघटनेच्या घटनेत 'माजी सैनिक' या शब्दाची सरकारी व्याख्या जशीच्या तशी उतरवलेली असेल, तर नसेल. ज्याने बंदूक धरली तो सैनिक, अशी व्याख्या करण्याचा अधिकार सभासदांना आहे. बिनविरोध कार्यकारिणी त्या फंदात पडणार नाही. सरकारला न दुखावण्यातच तिचे स्थैर्य असते.

पक्षाच्या कार्यकर्त्यांनी या लोकांना उपदेश करण्यापूर्वी घरात डोकावावे, हे बरे. रॉबर्ट मिशेल्स यांनी १९११ साली अल्पसंख्य पुढाऱ्यांच्या सत्तेचा जो सिद्धान्त मांडला, त्याची सामग्री त्यांना जर्मनीच्या समाजवादी पक्षातच मिळाली होती. तीस-तीस वर्षे एकच अध्यक्ष असलेले कामगार संघ महाराष्ट्रानेही पाहिले आहेत. त्यामुळे माजी सैनिकांच्या संघटनेत आपले पॅनेल उभे करणे हा मार्ग नव्हे. कोणी विचारल्यास कायद्यातील तरतुदी समजावून सांगाव्यात, मागितल्यास दोन्ही गटांना मान्य असा निवडणूक अधिकारी मिळवून द्यावा आणि बाजूला व्हावे.

मागणीही फार मोठी नाही. वार्षिक सभेपूर्वी एक महिना मतदारयादी व थकबाकीदारांची यादी दोन्ही प्रसिद्ध व्हाव्यात, वर्गणी भरण्याची अंतिम तारीख सर्वांना एकच असावी, मतदान गुप्त असावे, विधवांना मत असावे आणि निम्म्याहून अधिक पदे जवान व सुभेदारवर्गाकडे असावीत. पुढच्या सभेची नोटीस निघेल तेव्हा हिंगणीच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर ती यादी लागली आहे की नाही, एवढे प्रथम कोणीतरी जाऊन पाहावे.