चुन्याचा घाणा, सिमेंटची भट्टी आणि अर्थशास्त्राचा हिशेब

१/ गडावर फिरताना दगडात कोरलेली एक वर्तुळाकार चर आणि तीत पडून राहिलेले जड दगडी चाक आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. तो चुन्याचा घाणा. बैल ते चाक ओढीत आणि बांधकामाचा चुना मळला जाई. आजचा थ्रेड त्या घाण्यापाशी सुरू होतो आणि अर्थशास्त्राच्या प्रतिमानांपर्यंत जातो. माझे मत आधीच मांडतो : सिमेंटचा कार्बन कधीच लपलेला नव्हता. तो हिशेबात धरलेला नव्हता, एवढेच.

२/ १७५० च्या दशकात स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅक यांनी दाखवून दिले की, चुनखडी भाजली की तिच्यातून एक वायू निघून जातो आणि तिचे वजन घटते. त्या वायूला आज आपण कार्बन डायऑक्साइड म्हणतो. १०० किलो शुद्ध चुनखडीतून ५६ किलो चुना मिळतो व ४४ किलो वायू हवेत जातो. हे प्रमाण निसर्गाने ठरवलेले आहे. कारखानदाराला ते बदलता येत नाही.

३/ १८२४ साली लीड्सचे गवंडी जोसेफ अ‍ॅस्पडिन यांनी ‘पोर्टलंड सिमेंट’चे पेटंट घेतले. पोर्टलंड बेटावरच्या नामांकित दगडाशी साम्य, म्हणून हे नाव. पुढे भट्ट्या अधिक तप्त होत गेल्या. आज चुनखडी आणि माती सुमारे १४५० अंश सेल्सिअसला भाजून क्लिंकर बनवतात व तो जिप्समसह दळला की सिमेंट तयार होते.

४/ या थ्रेडचा कणा इथे आहे. सिमेंटच्या कार्बनपैकी ढोबळमानाने ४० टक्के ऊर्जेतून येतो आणि ६० टक्के खुद्द दगडातून. उद्या साऱ्या भट्ट्या सूर्याच्या उष्णतेवर चालल्या, तरी हा मोठा वाटा तसाच राहील. जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा हिस्सा सुमारे ७ ते ८ टक्के आहे.

५/ आता अर्थशास्त्राकडे वळू. १९३० च्या महामंदीनंतर संपूर्ण राष्ट्राची अर्थव्यवस्था काही समीकरणांत मांडण्याचे युग आले. हॅरड आणि डोमर यांनी बचत व भांडवलाचा वाढीशी संबंध जोडला. १९५६ साली सोलो यांनी भांडवल, श्रम आणि तंत्रज्ञान यांतून उत्पादन कसे वाढते ते मांडले. ही प्रतिमाने प्रभावी होती. मात्र धुराड्यातून काय बाहेर पडते, याला त्यांत जागा नव्हती.

६/ भारतात दुसऱ्या पंचवार्षिक योजनेला महालनोबिस यांच्या प्रतिमानाचा आधार होता. यंत्रे बनवणाऱ्या अवजड उद्योगांत आधी गुंतवणूक करा, हे त्याचे सूत्र. नवस्वतंत्र देशाची ती गरज होती, आणि त्यासाठी महालनोबिसांना आज दोष देणे हे इतिहासाचे वाचन नव्हे. १९५०-५१ मध्ये देशात वर्षाला सुमारे २७ लाख टन सिमेंट होत असे. आज ते ४० कोटी टनांच्या पुढे गेले आहे.

७/ शासनाने सिमेंट मोजले नाही असे नव्हे. प्रत्येक गोणी मोजली! परमिटाशिवाय सिमेंट मिळत नसे. सिमेंटच्या वाटपावरून १९८२ साली महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले. टंचाईचा हिशेब इतका काटेकोर होता. उत्सर्जनाचा रकानाच नव्हता.

८/ तो रकाना काढला वासिली लिओन्टिफ यांनी. कोणत्या उद्योगाचा माल कोणत्या उद्योगात किती जातो, याचा तक्ता त्यांनी १९३६ पासून मांडला होता. १९७० साली एका लेखात त्यांनी त्याच तक्त्यात प्रदूषणासाठी स्वतंत्र ओळ आणि स्तंभ जोडून दाखवला. वही तीच; फक्त रेघ नवी.

९/ १९९० च्या दशकात विल्यम नॉर्डहाउस यांनी हवामान आणि अर्थव्यवस्था एकाच प्रतिमानात गुंफली. २०१८ साली त्यांना नोबेल मिळाले. पण त्यात उत्सर्जन एकूण उत्पादनाच्या प्रमाणात धरलेले आहे. कोळशाचा कार्बन आणि दगडाचा कार्बन तिथे एकच. धोरणाचे सारही एकच उरते : कार्बनला किंमत लावा.

१०/ किंमत हवीच. परंतु युरोपात २००५ पासून कार्बनचा बाजार असूनही सिमेंट कारखान्यांना बराच काळ परवाने मोठ्या प्रमाणावर फुकट मिळत राहिले, कारण उद्योग परदेशी जाईल ही भीती होती. समीकरणातली किंमत भट्टीपर्यंत पोहोचताना अशी विरघळते.

११/ म्हणून पुन्हा घाण्याकडे. आपले कारागीर चुन्यात भाजलेल्या विटांची पूड, म्हणजे सुरखी, मिसळत. १८९५ साली पूर्ण झालेले मुल्लपेरियार धरण चुना-सुरखीचेच. आज स्वित्झर्लंड, क्यूबा आणि भारतातील संशोधकांनी विकसित केलेल्या ‘एलसी३’ सिमेंटमध्ये क्लिंकर निम्म्यावर आणून त्याजागी भाजलेली माती व न भाजलेली चुनखडी घालतात. माती ८०० अंशांच्या आसपास भाजली तरी पुरते. कार्बन ३० ते ४० टक्क्यांनी घटतो.

१२/ याचा अर्थ ‘पूर्वजांना सगळे ठाऊक होते’ असा कृपया काढू नये. त्यांच्या चुनाभट्ट्यांतूनही हाच वायू निघे आणि वर लाकूड जळे. चुना घट्ट होताना त्यातला काही वायू परत शोषतो, हे खरे. पण आजच्या उंच इमारती निव्वळ चुन्यावर उभ्या राहणार नाहीत. सुरखीकडून घ्यायचा तो केवळ विचार : जिथे क्लिंकरची गरज नाही, तिथे तो जाळू नका.

१३/ भारतीय मानक ब्युरोने २०२३ साली अशा सिमेंटसाठी मानक प्रसिद्ध केले. आता खरी कसोटी सरकारी निविदेची आहे. रस्ते, पूल, मेट्रो, घरकुले यांसाठी शासन स्वतःच मोठे गिऱ्हाईक आहे. दरसूचीत दर आणि मजबुती यांच्या शेजारी प्रतिटन कार्बनचा रकाना आला, तर कारखानदार नवी भट्टी बसवण्याचा विचार करील. उरलेल्या कार्बनसाठी तो पकडून साठवण्याचे महागडे तंत्र लागेलच. पण स्वस्त काम आधी करावे.

१४/ इतिहासाचा विद्यार्थी म्हणून दफ्तरे चाळताना एक सवय लागते : कागदावर काय आहे याइतकेच, कोणता रकाना नाही हेही पाहायचे. महालनोबिसांच्या पिढीकडे कार्बनचा रकाना नव्हता, हे समजण्यासारखे आहे. आपल्यापाशी तो आहे. तरीही आपण तो कोरा ठेवला, तर उद्याचा इतिहासकार आपल्याला ती सवलत देणार नाही.