पाणी शुद्ध होईपर्यंत गावाचे काय?



कारखान्याचे विष जमिनीत मुरले, खटला झाला, कंपनीने भरपाई मोजली, की वर्तमानपत्रांतील मथळे थांबतात. शेजारी राहणाऱ्यांची खरी परीक्षा मात्र त्यानंतर सुरू होते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातल्या हिंकली या वाळवंटी गावाची हकिगत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

तेथे पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक कंपनीचे नैसर्गिक वायू नळांतून पुढे ढकलणारे केंद्र १९५२ साली सुरू झाले. यंत्रे थंड ठेवणाऱ्या मनोऱ्यांना गंज चढू नये म्हणून पाण्यात षट्‌संयुजी क्रोमियम घालीत आणि वापरलेले पाणी उघड्या तळ्यांत सोडून देत. तळ्यांना अस्तर नव्हते. पाणी झिरपत झिरपत विहिरींपर्यंत पोचले. कंपनीने ही गोष्ट सरकारला कळविली ती १९८७ मध्ये. १९९६ मध्ये ३३ कोटी ३० लाख डॉलरांची तडजोड झाली आणि २००० साली एरिन ब्रोकोविच यांच्यावरील चित्रपटामुळे गावाचे नाव जगभर गेले. चित्रपट संपला, पाण्याची सफाई अजून चालूच आहे.

ही सफाई होते कशी? एक उपाय असा, की दूषित पाणी उपसून लसूणघासाच्या शेतांना द्यायचे. मातीतील जंतू व सेंद्रिय द्रव्ये घातक क्रोमियमचे त्रिसंयुजी रूपांतर करतात. हे रूप पुष्कळच कमी घातक असते आणि मातीलाच चिकटून राहते. दुसरा उपाय म्हणजे जमिनीखाली इथेनॉल सोडून तेथील जंतूंकडून तेच काम करून घेणे. पण त्यामुळे भूजलातील प्राणवायू संपतो आणि खडकातील मँगनीज व आर्सेनिक पाण्यात विरघळू शकतात. म्हणजे एक विष बसविताना दुसरे उठण्याची भीती! म्हणून सफाईची जागा आणि घरे यांच्यामध्ये तपासणीच्या विहिरी असणे हे रहिवाशांचे पहिले संरक्षण होय.

दुसरा प्रश्न मर्यादेचा. राज्याने २०१४ मध्ये सार्वजनिक पाणीपुरवठ्यासाठी अब्ज भागांत १० भाग ही मर्यादा ठरविली, २०१७ मध्ये ती न्यायालयीन निर्णयामुळे रद्द झाली आणि २०२४ मध्ये पुन्हा लागू झाली. हिंकलीची घरे तर स्वतःच्या विहिरींवर अवलंबून. आकडा आला, गेला, परत आला. विहीर तीच आणि पिणारी माणसेही तीच. नकाशावर दूषित भागाची रेषा कोठे ओढायची, यावरूनही तेथे वर्षानुवर्षे वाद चालला. एक गोष्ट मात्र चांगली झाली. गावकऱ्यांना किचकट अहवाल समजावून सांगण्यासाठी स्वतंत्र तज्ज्ञ नेमण्यात आला. पैसा कंपनीचा, सल्ला गावाला.

तरीही गाव उरले नाही. कंपनीने घरे विकत घेतली, कुटुंबे निघून गेली आणि २०१३ मध्ये शाळा बंद पडली. ज्यांना जायचे त्यांना योग्य किंमत मिळालीच पाहिजे. परंतु जाणाऱ्यांची संख्या वाढली की राहणाऱ्यांची शाळा, शेजार आणि घराची किंमत, तिन्ही जातात. त्यांचा विचार सफाईच्या हिशेबात कोणी धरीत नाही, हे आम्हांस सर्वांत मोठे न्यून वाटते.

आपल्या मॉरिशसमध्येही घराघरांत येणारे बरेचसे पाणी ज्वालामुखीच्या खडकातून उपसलेले असते. २०२० मध्ये वाकाशिओ जहाजाचे तेल सांडले, तेव्हा आपल्याच लोकांनी उसाचे पाचट गोण्यांत भरून ते अडविले. त्या हातांची व फुप्फुसांची काळजी हाही सफाईचाच भाग नव्हता काय?

तेव्हा अशा प्रसंगी कोठेही चार गोष्टी मागाव्यात: सफाई संपेपर्यंत दुसरे शुद्ध पाणी, प्रत्येक विहिरीचा निकाल घरमालकाला समजेल अशा भाषेत, कंपनीच्या हाताखाली नसलेला तज्ज्ञ, आणि जाणाऱ्याइतकाच राहणाऱ्याचाही मान. या मागण्या काम सुरू होण्यापूर्वीच लेखी घ्याव्यात. विहिरीत पडल्यावर दोर शोधून काय उपयोग?