रक्ताची साक्ष

मूल तापाने फणफणले की आई कपाळावर हात ठेवते आणि डॉक्टर रक्त तपासतात. पांढऱ्या पेशी वाढल्या की जंतूंचा हल्ला झाला, असा कयास बांधण्याचा परिपाठ जुना आहे. परंतु एचआयव्हीबाधित बालकाच्या बाबतीत हा साक्षीदार पुष्कळदा मुका राहतो. विषाणूने त्या पेशींचीच संख्या घटविलेली असते. मग त्या वाढणार कोठून?

अशा वेळी यकृत साक्षीला येते. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट व फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात जो पदार्थ आढळला, तेच आजचे 'सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन'. यकृतात तयार होणारे हे प्रथिन संसर्गानंतर काही तासांतच वाढू लागते. १९९३ मध्ये फ्रेंच संशोधकांनी 'प्रोकॅल्सिटोनिन'ची त्यात भर घातली. गंभीर जिवाणुसंसर्गात ते झपाट्याने चढते. निव्वळ विषाणूंच्या तापात सहसा फारसे चढत नाही.

तथापि साक्ष म्हणजे निकाल नव्हे. पहिले प्रथिन क्षयरोगातही वाढते. आणि आकडा कमी आला, एवढ्यावरून धाप लागलेल्या मुलास घरी धाडता येत नाही. शिवाय मूळ व्याधीच लोकलज्जेस्तव लपविली, तर या साक्षीचा अर्थ डॉक्टरांनी लावावा कसा?

२०१७ च्या कायद्याने अशा रुग्णांविषयी शाळेत वा दवाखान्यात भेदभाव करण्यास मनाई केली आहे. पालकांनी डॉक्टरांपाशी मन मोकळे करावे; आणि बरे होऊन परतलेल्या त्या मुलाला वर्गात आपली जागा पूर्वीच्याच बाकावर सापडावी, हे पाहणे आपणा सर्वांचे काम आहे.