कल्पकतेचे शिक्षण आणि आपली गोदामे

आपल्या हुबळी-धारवाडात विद्येची पेठ आता धान्याच्या पेठेहून लहान राहिलेली नाही. बेळगावच्या के. एल. ई. संस्थेने १९४७ साली हुबळीस काढलेल्या भूमरड्डी अभियांत्रिकी महाविद्यालयाचे आज तंत्रविद्यापीठ झाले आहे. धारवाडास १९८६ पासून कृषिविज्ञान विद्यापीठ आहे, २०१६ पासून आय. आय. टी. आहे. २०१८ साली देशपांडे प्रतिष्ठानने नवउद्योजकांकरिता हुबळीत एक भव्य वास्तू उभी केली. पदवीधर तरुणांस शोध, नवोपक्रम आणि कल्पकता शिकविण्याची जी धडपड सध्या सर्वत्र चालली आहे, तिचा एक मोठा अड्डा आपल्याच दारात आहे.

कल्पकता शिकवून येते काय, असा प्रश्न आपल्या पेढ्यांवर हसत हसत विचारला जातो. आम्हांस त्याचे हसू येत नाही. दाणा दाताखाली धरून ओल ओळखण्याचे ज्ञान आपणांपैकी कोणी पुस्तकातून घेतले? तरीही ते कोणी जन्मतः आणले नव्हते. वडीलधाऱ्यांच्या शेजारी चार-पाच हंगाम बसल्यावर ते अंगी आले. कल्पकतेचेही तसेच असावे. ती शिकता येते; मात्र माल समोर नसता शिकता येत नाही.

शोध निराळा आणि नवोपक्रम निराळा, हे लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उदाहरणावरून चांगले कळते. ते मूळचे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील शिक्षक. बेळगावास येऊन त्यांनी सायकलींचे दुकान चालविले, पुढे कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर केले. लोखंडी नांगर परदेशात पूर्वीच होता, म्हणजे शोध दुसऱ्याचा. परंतु लोखंडाने जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा ग्रह होता आणि पहिले नांगर गिऱ्हाइकाविना दीर्घकाळ पडून राहिले. तो ग्रह दूर करून नांगर आपल्या मातीत चालविणे हा त्यांचा नवोपक्रम. १९१० साली कुंडलच्या माळावर त्यांनी कारखाना हलविला, त्याची किर्लोस्करवाडी झाली. पदवी परीक्षेसाठी केलेले यंत्र निकालानंतर कपाटावर धूळ खात पडते तेव्हा विद्यार्थ्याची बुद्धी उणी पडलेली नसते. त्याला गिऱ्हाईकच भेटलेले नसते.

गुरुराज व जयश्री देशपांडे यांनी २००२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीस दोन कोटी डॉलरची देणगी देऊन एक नवोपक्रम केंद्र स्थापिले. देणगीच्या आकड्यापेक्षा आम्हांस तेथील एक रीत अधिक महत्त्वाची वाटते. प्रयोगशाळेतील संशोधकांना पैशाबरोबर धंद्यातील मुरलेली माणसेही दिली जातात. त्यांना तेथे ‘उत्प्रेरक’ अशा अर्थाचे नाव आहे आणि ती विनामोबदला काम करतात. वस्तू कोण घेईल, किती देईल, कशामुळे नाकारील, हे सांगणे त्यांचे काम. हे काम आपण अमरगोळच्या बाजार आवारात रोज सकाळी करतोच, फक्त त्यास इतके भारदस्त नाव नाही!

आता आपल्या घरचे पाहू. डाळ-कडधान्यात सोंडे, भुंगेरे झाले की आपण ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवून थप्पी झाकतो. त्या विषारी वायूने कीड मरते. माणसालाही तो प्राणघातक आहे. जीवहिंसा टाळण्याचे व्रत सांगणारे आपण या विषयावर सभेत बोलत नाही, आणि ज्यांच्या घरी पर्युषणात हिरवी भाजी वर्ज्य असते त्यांच्या गोदामातही धुरी चालूच असते. दुसरा उपाय परवडत नाही हे खरे. म्हणूनच हा प्रश्न संशोधनाचा आहे.

आपल्या भागात पूर्वी ज्वारी पेवात, कानडीत ज्याला हगेवु म्हणतात त्यात, भरून तोंड लिंपून टाकीत. आत प्राणवायू संपत जाई आणि किडीची वाढ थांबे. कडेचे धान्य ओलीने खराब होई, तो मात्र त्यातला दोष. याच तत्त्वावर अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाने १९८०च्या दशकाच्या अखेरीस कॅमेरूनमध्ये चवळीसाठी तीन पदरी हवाबंद पिशवी सिद्ध केली. ती आफ्रिकेतील गावोगाव मोठ्या प्रमाणावर पोचू लागली २००७ नंतर. शोध आणि प्रसार यांत एवढी वर्षे गेली! त्या पिशवीतही आधीच असलेली कीड मरतेच. परंतु धान्य सुमारे १२ टक्क्यांखाली सुकवून, निवडून, स्वच्छ भरले तर कीड मुळात होऊच नये, अशी युक्ती का सापडू नये?

आणि येथे प्रयोगशाळेला ठाऊक नसलेली एक गोष्ट येते. आपला हमाल पोते आकड्याने ओढतो. आतील प्लॅस्टिकचा पदर पहिल्याच उचलीत फाटला की हवाबंदपणा संपला. आकडा बदलावा, पोते बदलावे, की हमालीचा दर बदलावा? असा प्रश्न पदव्युत्तर विद्यार्थ्यापुढे टाकावा आणि त्याला महिनाभर थप्पीजवळ उभे करावे. सध्या विद्यार्थी पेढीवर येतात ते छापील प्रश्नावली घेऊन. आपण चहा पाजतो, उत्तरे सांगतो, ते जातात. यात उभयतांचा वेळ गेला एवढेच.

विद्यादानात आपला समाज मागे नाही. वसतिगृहे, सभागृहे यांवरील संगमरवरी पाट्या त्याची साक्ष देतात. त्या असाव्यात. परंतु फसलेल्या प्रयोगावर कोणाच्या नावाची पाटी लागत नाही, म्हणून त्यासाठी पैसा निघत नाही. मंडळाने तीन गोदामांत प्रत्येकी पन्नास पोती तूर अथवा ज्वारी एका वर्षासाठी विद्यार्थ्यांच्या स्वाधीन करावी, असे आम्ही सुचवितो. माल बिघडल्यास तोटा मंडळाच्या निधीतून सोसावा आणि त्याबद्दल विद्यार्थ्यास बोल लावू नये. सभासदांच्या ज्या मुली-मुलांनी अभियांत्रिकी वा कृषिशास्त्र घेतले आहे, त्यांनाही याच तुकडीत घालावे. बंगळूरची वाट धरण्यापूर्वी त्यांनी आपल्या वाडवडिलांचे गोदाम एकदा आतून पाहिलेले बरे. रब्बी ज्वारीची आवक सुरू होण्याआधी जागा ठरली पाहिजे. तीनपैकी एक गोदाम आम्ही देतो. उरलेल्या दोहोंसाठी सभासदांनी आपली नावे चिटणिसांकडे कळवावीत.