समतोल फक्त मुलींनीच साधायचा?

धारणीची मुलगी एम.एस.डब्ल्यू.साठी मुंबईला निघाली की एकच उपदेश ऐकते : ‘शिकायला चाललीस, फिरायला नाही.’ वसतिगृहात तोच उपदेश नियम बनून पुढ्यात येतो. संध्याकाळ झाली की फाटक बंद! मुलांसाठी मात्र अनेक ठिकाणी इतकी कडक वेळ नसते.

मैत्रिणींनो, अभ्यास एकीकडे आणि माणसांत मिसळणे दुसरीकडे, ही विभागणीच खोटी आहे. समाजकार्याच्या विद्यार्थिनीला क्षेत्रकार्यासाठी वस्तीत जावे लागते, आणि तिथल्या कष्टकरी बाया संध्याकाळीच घरी सापडतात. सभा, नाटके, चर्चा संध्याकाळीच होतात. घरी कोरकू बोलणाऱ्या मुलीला शहरात वावरण्याची धिटाई आणि अडचणीला धावून येणारी मैत्रीण तिथेच मिळते. हे सारे तोडले तर हाती उरते कोरडी पदवी.

म्हणे, सुरक्षिततेसाठी! जून २०२३ मध्ये मुंबईच्या एका शासकीय वसतिगृहात विद्यार्थिनीची हत्या झाली, ती फाटकाच्या आत. सुरक्षिततेची सबब सांगून वसतिगृहात मुलींवर भेदभावाचे नियम लादू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ च्या विनियमांत बजावले आहे. त्याआधी, २०१५ साली, दिल्लीच्या विद्यार्थिनींनी ‘पिंजरा तोड’ची हाक दिली होती.

आता आपण काय करणार? आपल्या भागातली मुलगी ज्या वसतिगृहात राहते, तिथे प्रत्येक गटाने लेखी विचारावे : मुलांची वेळ कोणती, मुलींची कोणती? फरक असेल तर तो कोणत्या नियमाने? उत्तर मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नये.