दुखणे कोणत्या भाषेत सांगावे?

‘ऑनलाइन थेरपी’ या शब्दजोडीला मराठीत अजून प्रतिशब्द रुळलेला नाही. ‘महाजालावरील मानसोपचार’ असे म्हणता येईल, पण तसे कोणी म्हणत नाही. साताऱ्याचा किंवा सांगलीचा एखादा विद्यार्थी रात्री उशिरा भ्रमणध्वनीवर मदत शोधू लागतो तो इंग्रजी शब्दांनी, आणि त्याच्यापुढे येणारी उत्तरेही बहुधा इंग्रजीतच असतात. हा प्रश्न वरवर परिभाषेचा वाटेल. माझ्या मते या विषयाचे मर्म तिथेच आहे. पडद्यावरून दिलेला उपचार प्रत्यक्ष भेटीच्या तोडीचा असतो का, या वादात आपण बराच वेळ घालवतो. जिल्ह्याच्या गावातल्या माणसाने निर्णय घेण्यापूर्वी विचारायचे प्रश्न मात्र वेगळे आहेत. माझे दुखणे मी कोणत्या भाषेत सांगणार? आणि ते ऐकणारा कोणाला उत्तरदायी आहे?

आधी गरजेविषयी. महाराष्ट्र शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. सातारा वा सांगली जिल्ह्यात एकही नाही. म्हणून येथे उपचारच नाहीत असे नव्हे. मिरज हे तर शतकाहून अधिक काळ वैद्यकीय सेवेसाठी ओळखले जाणारे गाव. दोन्ही शहरांत मनोविकारतज्ज्ञ व्यवसाय करतात, शासकीय रुग्णालयांत या सेवेची सोय आहे. पण पाटणच्या डोंगरातून साताऱ्याला किंवा जतहून सांगलीला जाऊन यायचे म्हणजे दिवस मोडतो, मजुरी बुडते. अंतरापेक्षाही मोठी अडचण ओळखीची. गावात तज्ज्ञ थोडे आणि ओळखी फार. दवाखान्याच्या बाकावर भावकीतले कोणी भेटले की संध्याकाळपर्यंत वार्ता घरी पोहोचते, आणि मुलीचे लग्न ठरायचे असेल तर ती वार्ता महागात पडते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मनोविकारांच्या बाबतीत उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के आढळले. ज्या १२ राज्यांत ते सर्वेक्षण झाले त्यांत महाराष्ट्र नव्हता. तरीही आपल्याकडचे चित्र फार निराळे असेल, असे मानण्यास मला आधार दिसत नाही. अशा परिस्थितीत त्या बाकावर न बसता तज्ज्ञापर्यंत पोहोचता येणे, ही पडद्याची देणगी क्षुल्लक नाही.

दुरून मनाचा उपचार ही कल्पनाही वाटते तितकी नवी नाही. फ्रॉइडने १९०९ साली प्रसिद्ध केलेल्या ‘लिटल हान्स’च्या वृत्तांतात मुलावरचे उपचार प्रामुख्याने त्याच्या वडिलांमार्फत झाले. लंडनमध्ये १९५३ साली ‘समॅरिटन्स’ने दूरध्वनीवरून हताश माणसांचे ऐकून घेण्यास आरंभ केला. पण मराठी वाचकाला त्याहून जवळचे उदाहरण आहे. र. धों. कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ १९२७ पासून १९५३ पर्यंत निघत होते. लैंगिक जीवनाविषयी जे घरात, वैद्यापुढे किंवा मित्रापाशीही बोलता येत नव्हते, ते वाचक या मासिकाला पत्राने विचारीत आणि कर्वे मराठीत, आडपडदा न ठेवता उत्तर देत. अशा उत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी न्यायालयात त्यांची बाजू मांडली, तरीही त्यांना दंड झाला.

या इतिहासात आजच्या निर्णयाला उपयोगी पडेल असा एक निकष आहे. प्रश्न विचारणाऱ्याला चारचौघांत तोंड दाखवावे लागत नव्हते. उत्तर देणारा मात्र नावागावानिशी उघडा होता, आणि दिलेल्या शब्दाबद्दल कोर्टात उभा राहिला. आजच्या अनेक व्यापारी उपयोजनांत हा क्रम उलटा झालेला दिसतो. मदत मागणाऱ्याकडून क्रमांक, वय, झोपेच्या वेळा, मनातली भीती असे सारे भरून घेतले जाते. समोरचा सल्लागार म्हणजे एक पहिले नाव आणि एक हसरे छायाचित्र. जगापासून आपण झाकलेले असावे, ही अपेक्षा रास्तच आहे. ऐकणाऱ्याने झाकलेले असणे ही सोय नव्हे, तो धोका आहे.

म्हणून पहिली चौकशी नोंदणीची. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यक परिषदेत नोंदलेला डॉक्टर असतो आणि औषध तोच देऊ शकतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे, १९९२ च्या कायद्यान्वये होते. ‘समुपदेशक’ या शब्दामागे मात्र पदव्युत्तर शिक्षणापासून आठवड्याच्या शिबिरापर्यंत काहीही असू शकते. तेव्हा शिक्षण कोणते, कोणाच्या देखरेखीखाली काम केले, हे सरळ विचारावे. विचारल्याचा राग येणारा माणूस टाळावा. मार्च २०२० मध्ये केंद्र शासनाने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांनुसार अशा सल्ल्यात डॉक्टर आणि रुग्ण या दोघांनाही परस्परांची ओळख माहीत असली पाहिजे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या मंचांनी स्वतः रुग्णाला समुपदेशन करण्यास वा औषध लिहून देण्यास त्यांत मनाई आहे. रात्री-अपरात्री गोड बोलणाऱ्या यंत्राशी मन मोकळे करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. यंत्र ऐकते, पण उद्या काही बिघडले तर जाब कोणाला विचारणार? गुप्ततेचा हक्क तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेच दिलेला आहे. आपले बोलणे कोठे साठवले जाते, ते आणखी कोण वाचते, हे पैसे भरण्यापूर्वी विचारण्यात संकोच नसावा.

आता भाषेकडे वळू. आपल्याकडे मनाचे दुखणे पुष्कळदा शरीराच्या वाटेने बोलते. ‘जिवाची घालमेल होते’, ‘काळजात कालवतंय’, ‘डोकं जड झालंय’, ‘कशात जीव लागत नाही’, ‘मनाला लागलंय’. यांतील ‘मनाला लागणे’ घ्या. त्यात दुखावणे आहे, कोणीतरी दुखावले आहे ही सूचना आहे, आणि ते विसरता येत नाही याची कबुलीही आहे. प्रश्नावलीतल्या इंग्रजी चौकटीवर खूण करताना हे सारे गळून जाते. जी मुलगी जन्मभर मराठीत रडली, तिला समोरच्या तज्ज्ञासाठी स्वतःचे हिंदी वा इंग्रजी भाषांतर करावे लागले तर ती जे सांगता येते तेवढेच सांगते. जे सांगायचे असते ते राहून जाते.

याला प्रतिपक्ष आहे आणि तो दुबळा नाही. काहींना परकी भाषाच सोयीची वाटते. ‘डिप्रेशन आहे’ म्हणणे हे ‘मला जगावंसं वाटत नाही’ म्हणण्यापेक्षा सोपे असते. परका शब्द हातमोज्यासारखा वापरता येतो. सुरुवातीला तसे करण्यात गैर काही नाही. पण हातमोजा घालून जखम फार दिवस चाचपता येत नाही. केव्हातरी आईच्या, बापाच्या, शेताच्या, जातीच्या गोष्टी निघतात आणि त्या आपल्याच बोलीत निघतात. त्या वेळी समोरच्याला ‘भावकी’ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागू नये. एवढ्यासाठी मराठी जाणणारा तज्ज्ञ शोधावा, मग तो पुण्यात बसलेला असो की ठाण्यात. पडद्याचा खरा लाभ हाच की भाषा राखून अंतर ओलांडता येते.

मर्यादाही मान्य केल्या पाहिजेत. दोन खोल्यांच्या घरात दार लावून तासभर बोलायचे कोठे? एकत्र कुटुंबातल्या सुनेला डॉक्टरकडे जाणे एक वेळ जमेल, पण बंद दाराआड कोणाशी बोलत होतीस याचा खुलासा करणे जमणार नाही. दवाखान्याच्या बाकावर जी चोरी होती, ती येथे घराच्या उंबऱ्याआत येते. २०१९ आणि २०२१ साली कृष्णेचा पूर सांगलीत शिरला. अशा दिवसांत मनाला आधार सर्वाधिक लागतो, आणि वीज व संपर्क यांचा भरवसा नेमका तेव्हाच नसतो. आत्महत्येचे विचार प्रबळ झाले असतील, भास होत असतील, तर पुढच्या आठवड्याच्या वेळेची वाट न पाहता कोणाला तरी सोबत घेऊन रुग्णालय गाठले पाहिजे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, अहोरात्र चालतो आणि तेथे मराठीत बोलता येते. दीर्घ उपचारांची जागा तो घेणार नाही. दार उघडण्यापुरता तो पुष्कळ आहे.

साहित्याच्या अभ्यासकांपुढे हे सारे मांडण्याचे कारण उघड आहे. विद्यार्थ्याचे दुखणे पुष्कळदा प्रथम वाचतो तो भाषेचा शिक्षक. निबंधात, कवितेत, कोऱ्या सोडलेल्या उत्तरपत्रिकेत. शिक्षकाने उपचारक होऊ नये, तसा त्याचा अधिकार नाही. पण ‘वाचले, समजले’ एवढे सांगून पुढचा पत्ता देणे त्याला शक्य आहे, आणि तो पत्ता आधी पारखून ठेवणे हे त्याचे कर्तव्य आहे. ज्या साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी अंगात येण्यासारख्या गोष्टींविषयी साध्या मराठीत बोलण्याचा प्रघात पाडला, तेथे मनाच्या आजाराविषयी मराठीत बोलता येणार नाही असे कोणी म्हणू नये. शब्द आपल्याकडे आहेत. ते ऐकून घेणारा, नावानिशी उभा असलेला माणूस शोधायचा आहे. तो पडद्यावर भेटला की बाकासमोर, हा त्यानंतरचा प्रश्न.